हाऊसरॅपवर नाव छापण्याआधी शाईचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली ऑफिसं, पन्हाळ्याच्या बाजूची फार्महाऊस, आंबा-गगनबावड्याकडची रिसॉर्टं अशा कामांत लाईट गेज स्टीलचा (पातळ पत्र्याच्या पट्ट्यांचा) सांगाडा उभा करून त्यावर बोर्ड मारायची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. बोर्ड आणि बाहेरचं क्लॅडिंग (भिंतीचं दर्शनी आवरण) यांच्या मधे कागदासारखा दिसणारा, पण हाताने न फाटणारा जो पांढरा थर गुंडाळतात तो हाऊसरॅप. क्लॅडिंग चढेपर्यंत अख्खी इमारत त्या पांढऱ्यात उभी असते. चौकाचौकात डिजिटल फलक लावणाऱ्या आपल्या गावात एवढी मोठी कोरी भिंत कोणाला बघवणार? मग ठेकेदार विचारतो, रोलवरच आपलं नाव छापून मिळेल का?

मिळतं. मात्र छापलेला रॅप कोऱ्यासारखंच काम करील की नाही, हे शाई किती आहे, कोणती आहे आणि मुख्य म्हणजे कुठे आहे यावर ठरतं. शाईने छिद्रं बुजतात, एवढीच भीती बहुतेकांना असते. खरा घोळ कडेच्या पट्टीत होतो. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ.

आधी एक खुलासा. वीट किंवा जांभ्याच्या भिंतीवर थेट गिलावा करायचा असेल तर हाऊसरॅपचा काही संबंध नाही, गिलावा त्याला धरणारच नाही. फायबर सिमेंट बोर्ड, एचपीएल (दाबून केलेलं लॅमिनेट), एसीपी (ॲल्युमिनियमच्या थरांचं पॅनेल), लाकडी पट्ट्या किंवा पत्रा असं कोरडं क्लॅडिंग मागे फट ठेवून लावायचं असेल, तिथलीच ही वस्तू.

या थराला दोन उलट कामं एकाच वेळी करायची असतात. क्लॅडिंगच्या सांध्यांतून झडीचं पाणी आत आलं तर ते अडवून खाली उतरवायचं, आणि भिंतीत अडकलेली वाफ बाहेर जाऊ द्यायची. पाण्याचा थेंब मोठा असतो, वाफेचे कण सुटे आणि बारीक, म्हणून हे जमतं. बाजारात मुख्यतः तीन जातींचा माल मिळतो. एक, एचडीपीईच्या (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनच्या) बारीक तंतूंचा सलग थर. ड्यूपॉन्टचं टायव्हेक यातलं, त्याचा शोध १९५५ चा आणि विक्री १९६७ पासूनची. दुसरा, पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडावर सूक्ष्म छिद्रांची फिल्म चिकटवलेला. तिसरा, विणलेल्या पट्ट्यांच्या लॅमिनेटेड कापडाला सुयांनी भोकं पाडलेला. तिसरा स्वस्त, त्याच्यावर छपाई सुरेख उठते, आणि पावसाळी कामाला तो सगळ्यात कच्चा, कारण सुईचं भोक पाण्यालाही वाट देतं. भोकंही नसलेलं लॅमिनेटेड कापड कोणी छापून 'रॅप' म्हणून विकत असेल तर ती निव्वळ ताडपत्री समजा.

वाफेचं गणित

वाफ किती जाते हे पर्ममध्ये मोजतात. एक पर्म म्हणजे दर सेकंदाला, दर चौरस मीटरमधून, दर पास्कल दाबफरकाला ५७.२ नॅनोग्रॅम. अमेरिकी बांधकाम कोड ५ पर्म किंवा त्याहून अधिक असलेल्या थराला वाफ जाऊ देणारा मानतो. शाई जिथे पडली तिथून काहीच वाफ जात नाही, असा सगळ्यात वाईट हिशेब धरा. कोरा माल ५० पर्मचा असेल आणि १५ टक्के क्षेत्रफळावर शाई असेल, तर उरतात ४२.५ पर्म. भिंतीला त्याचा पत्ताही लागणार नाही. प्रत्यक्षात घट याहूनही कमी असते, कारण फ्लेक्सो छपाईचा (रबरी प्लेटने रोलवर होणाऱ्या छपाईचा) वाळलेला थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचाच असतो आणि खडबडीत तंतूंवर तो सलग बसत नाही.

पण मूळ माल ८ पर्मचा घेतला आणि त्यावर ४० टक्के क्षेत्र रंगवलं, तर ४.८ उरतात. म्हणजे छपाईने माल एका वर्गातून उचलून दुसऱ्या वर्गात टाकला. कमी पर्मचा रॅप असेल तर छपाईचं प्रमाण ताणून धरावंच लागतं.

शिवाय सरासरी हा आकडा फसवा आहे. मीटरभर लांबी-रुंदीचा भरीव निळा चौकोन आणि त्यात पांढरी अक्षरं अशी रचना केली तर रोलची सरासरी १५ टक्केच राहील, पण त्या चौकोनामागच्या बोर्डाला वाट बंद. रॅप बोर्डाला घट्ट चिकटून बसला असेल तर वाफ आडवी सरकून शेजारच्या कोऱ्या भागातून बाहेर पडेल अशी आशा धरू नका. उपाय साधा आहे. भरीव रंगाऐवजी तिरक्या रेघांनी किंवा ठिपक्यांनी आकार भरायचा आणि अक्षरं नुसत्या बाह्यरेषेत ठेवायची. लांबून ती तशीच दिसतात. एकूण क्षेत्राच्या १० ते १५ टक्क्यांपलीकडे शाई जाऊ देऊ नये असं आमचं मत.

पाण्याचं गणित

इथे शाईपेक्षा शाईच्या आधीची तयारी महत्त्वाची. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांच्यावर शाई नुसती बसत नाही. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा (पृष्ठभागाची द्रवाला धरून ठेवायची ताकद, ती डाईनमध्ये मोजतात) तीस डाईनच्या आसपास असते आणि शाई धरायला ३८ ते ४२ डाईन लागते. म्हणून छपाईआधी कोरोना ट्रीटमेंट करतात, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्यांखालून कापड काढतात. त्याने पृष्ठभाग शाईला धार्जिणा होतो. अडचण अशी की तो पाण्यालाही तितकाच धार्जिणा होतो.

दहा मायक्रॉनचं छिद्र घ्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन आणि प्लास्टिकशी स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) १०० अंश असेल, तर त्या छिद्रातून पाणी घुसवायला साधारण ५० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. तोच कोन ९५ अंशांवर आला की दाब निम्मा होतो. ९० ला तो शून्य. पाच अंशांत निम्मी ताकद जाते. छिद्रं जितकी बारीक तितकी मुळात राखीव ताकद जास्त, म्हणूनच सूक्ष्म छिद्रांच्या चांगल्या फिल्मला हा झटका सोसतो.

तेव्हा ट्रीटमेंट फक्त छापायच्या बाजूला, कापडाच्या बाजूला हवी, फिल्मला नको. रोलर आणि कापड यांच्यात हवा अडकली तर मागची बाजूही नकळत ट्रीट होते. ताकद जास्त लावली तर ठिणगी फिल्मला आरपार टाचणीएवढी भोकं पाडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. रोल उजेडासमोर धरून पाहायला हरकत नाही, पण खात्री पाण्याच्या दाबाच्या चाचणीनेच होते.

दुसरा चोर म्हणजे साबणासारखी रसायनं. पाण्यात विरघळणाऱ्या शाईत ती नीट पसरावी म्हणून असे घटक असतातच. शाई पूर्ण वाळली नाही तर पहिल्या पावसात ते सुटतात, रॅपवरून ओघळणाऱ्या पाण्याचा पृष्ठताण उतरवतात आणि एरवी अडणारं पाणी छिद्रातून सरकतं. म्हणून वाळवणीत घाई नको. पण उष्णता वाढवूनही भागत नाही. एचडीपीई १३० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि मशिनवर ताणलेलं असताना त्याच्या बऱ्याच आधी ते लांबायला, आकसायला लागतं. भरपूर हवा, बेताची गरमी आणि कमी वेग, असं ते जमवावं लागतं. ठेक्याचं काम तासावर चालतं तिथे हे कोणी आपणहून करत नाही, ऑर्डरमध्ये लिहावं लागतं.

आता प्रमाण लक्षात घ्या. ताशी शंभर किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे ४६० पास्कल दाब देतो, म्हणजे जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी. एएटीसीसी १२७ ही पाण्याच्या दाबाची चाचणी हाऊसरॅपला सहसा ५५ सेंटिमीटर पाण्याखाली ५ तास लावतात. एवढी मोठी राखीव ताकद असताना छपाईने थोडी घट आली तरी सपाट भागातून पाणी येत नाही. येतं ते सांध्यातून, खिळ्याच्या भोकातून आणि खिडकीच्या कोपऱ्यातून.

कडेची पट्टी कोरीच ठेवा

सांध्यावर ॲक्रिलिक किंवा ब्यूटाईल रबराची चिकटपट्टी, म्हणजे टेप लागते. टेप रॅपला चिकटली असं आपण म्हणतो, पण छापलेल्या जागी ती शाईला चिकटलेली असते आणि शाई रॅपला. यातला कच्चा जोड कोणता हे सांगायला नको. शाईला ओरखडे पडू नयेत, रोलमध्ये थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिच्यात मेण घालतात, आणि त्या मेणावर टेप आणखीच बिचकते. लावताना सगळं चोख दिसतं. दोन-तीन आठवडे ऊन खाल्लं, एक वळीव झाला, की टेपची कड उचलते. ओढून पाहा, टेपच्या पाठीवर ठेकेदाराचं नाव उलटं उमटलेलं निघतं.

म्हणून रोलच्या दोन्ही कडांना किमान १५० मिलिमीटर पट्टा कोरा ठेवायला सांगा. खिडक्या कुठे येतील हे रोलला माहीत नसतं, तेव्हा मधल्या भागातही शाई विरळ हवी. टेप-शाईचा जोड तपासायला सोपी युक्ती आहे: तुम्ही वापरणार तीच टेप छापील भागावर दाबून बसवा, उन्हाच्या जागी २४ तास ठेवा आणि एका कडेने हळू ओढा. रॅपचे तंतू ओढले गेले तर जोड पक्का. रंग स्वच्छ निघून आला तर नापास. साधी सेलोटेप लावून तपासणारे आहेत, त्याने शाईची पकड कळते, टेपचा जोड कळत नाही.

याच कडेवर छपाईचा खरा उपयोगही आहे. खालचा पट्टा आधी, वरचा पट्टा त्याच्यावर, कौलांसारखा, आणि आडवा ओव्हरलॅप १५० मिलिमीटर. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि परांचीवर वाऱ्यात कोणीच मोजत नाही. सुरुवातीला पंधरा सेंटिमीटर असतो, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सात उरतो. कडेपासून १५० मिलिमीटरवर एक बारीक सलग रेघ छापलेली असेल तर मोजायचं कामच संपलं. रेघ झाकली गेली की ओव्हरलॅप पुरा, आणि देखरेख करणाऱ्याला खालूनही चूक दिसते. स्टीलच्या उभ्या पट्ट्या ज्या अंतरावर आहेत, समजा ४०६ किंवा ६१० मिलिमीटर, त्या अंतरावर बारीक फुल्या असल्या तर स्क्रू हवेत जात नाहीत. चुकलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. नावापेक्षा या रेघेवर पैसे खर्च करा.

नावच छापायचं असेल तर एक ओळ सुलट, एक उलट अशी रचना घ्या. नाहीतर नाव सरळ दिसावं म्हणून माणसं रोल फिरवतात, तुकडे कापतात, आणि सांधे वाढतात. बाहेरची बाजू कोणती हे शब्दांऐवजी बाणाने आणि चित्राने दाखवा. साईटवर बिहारचा फिटर असतो, बेळगावकडचा हेल्पर असतो, चित्र दोघांनाही कळतं.

मराठीत छापत असाल तर अक्षरं किमान तीन सेंटिमीटर उंच आणि जाड वळणाची ठेवा. तंतूंच्या पृष्ठभागावर शाई पसरते, मग 'क्ष'च्या गाठी बुजतात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. रंगीत पट्टीत कोरी पांढरी अक्षरं तर करूच नका. फाईल पाठवताना मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्ररूप आकारांत बदलून द्या. नाहीतर प्लेट बनवणाऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. एकदा रबराची प्लेट बनली की ती चूक शेकडो मीटरवर त्याच अंतराने उमटत जाते.

फ्लेक्सच्या मशिनवर नको

हा प्रयोग आपल्याकडे हमखास सुचतो. फ्लेक्सची मोठी मशिनं दहा फुटी, रॅपचा मोठा रोल नऊ फुटी, बसतो तर बरोबर. पण त्या मशिनची सॉल्व्हंट शाई पीव्हीसीसाठी असते. ती पीव्हीसीचा वरचा थर किंचित विरघळवून आत मुरते, म्हणून फलक महिनोन्‌महिने टिकतो. पॉलिथिलीन त्या सॉल्व्हंटला दाद देत नाही. शाई वरच राहते, ओल्या बोटाने पुसली जाते, आणि जाड थरामुळे छिद्रं मात्र खरोखर बुजतात. मशिनचा हीटर बेड रॅपला सुरकुत्या पाडतो, सुरकुती हेडला घासते, आणि मग मशिनवाल्याची बोलणीही खावी लागतात. साईटवर स्टेन्सिल ठेवून स्प्रे मारणं हा याचाच भाऊ.

तातडीने नाव हवंच असेल तर फ्लेक्स छापा आणि तो परांचीला बांधा. रॅपवर ठोकू नका. ठोकताना भोकं पडतात, फ्लेक्सच्या मागे पाणी कोंडतं, आणि वाऱ्यावर फडफडून तो रॅपचा पृष्ठभाग घासून काढतो.

रंगाबद्दल थोडक्यात. गडद छपाई उन्हात तापते, एप्रिलच्या उन्हात हाताला फरक कळतो, आणि तापलेला भाग पांढऱ्या भागापेक्षा जास्त ताणतो-आकसतो. फिकट निळा, राखाडी किंवा हिरवा पुरे. शाई उडाली म्हणजे रॅप गेला असं नाही, आणि उलट ठसठशीत नाव दिसतंय म्हणून रॅप शाबूत आहे असंही नाही. अतिनील किरणांनी तंतू ठिसूळ होतात ते छपाईवरून कळत नाही. टायव्हेक होमरॅपला १२० दिवस उघडं राहायची मुदत दिलेली आहे, इतरांची मुदत ज्याच्या त्याच्या पत्रकात पाहा. आपल्याकडे पैसे अडकले, पाऊस लागला, गणपतीला माणसं गावी गेली की ही मुदत सहज ओलांडते. म्हणून छपाईत दर दोन-तीन मीटरवर एक रिकामी चौकट ठेवा, 'लावल्याची तारीख' एवढंच लिहिलेली. फिटरने मार्करने तारीख टाकायची. पुढे वादाच्या वेळी तीच चौकट साक्षीला येते.

घरच्या घरी तपासणी

विक्रेत्याकडे एएसटीएम ई-९६ (वाफेची चाचणी) आणि एएटीसीसी १२७ चे अहवाल मागा, आणि ते छापील नमुन्याचे आहेत का हे पाहा. बहुतेक वेळा कोऱ्या मालाचाच अहवाल पुढे केला जातो. छापील नमुन्याचा अहवाल नसेल तर निदान तुलना घरीच करता येते.

दहा सेंटिमीटर व्यासाच्या तीन सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकीत निम्मं पाणी. एकीवर कोरा रॅप, दुसरीवर सगळ्यात गच्च छापलेला भाग, तिसरीवर साधी प्लास्टिकची पिशवी घट्ट ताणून कडेने मेण किंवा टेपने हवाबंद करा. सेंटिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा लागेल, गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) ओळखीचा सराफ असेल तर काम झालं. तिन्ही वाट्या पंख्यापासून दूर एकाच जागी २४ तास ठेवून पुन्हा वजन करा. खोलीत २७ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १० पर्मच्या मालातून साधारण अर्धा ग्रॅम पाणी उडायला हवं. पिशवीची वाटी जवळपास तशीच राहिली पाहिजे, तिचं वजन उतरलं तर सील चुकलं. कोऱ्या आणि छापील वाटीतली घट ताडून पाहा, चौथाईपेक्षा जास्त फरक दिसला तर रचना विरळ करायला सांगा. ही चाचणी पावसाळ्यात करू नका, हवेतच इतकी ओल असते की तिन्ही वाट्या सारख्याच दिसतील.

पाण्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाइपाचा साठ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. खालच्या तोंडावर रबरी वॉशर ठेवून रॅप क्लॅम्पने आवळा, फुगू नये म्हणून बाहेरून जाळी द्या. ५५ सेंटिमीटर पाणी भरा, खाली टिश्यू पेपर ठेवा, पाच तास थांबा. छापील बाजू पाण्याकडे हवी. कोरा तुकडा कोरडा राहिला आणि छापील ओला झाला तर कोरोना किंवा शाई, दोघांपैकी एक दोषी आहे. कोणता ते थेंबावरून कळतं: छापील बाजूच्या शाई नसलेल्या जागी थेंब पसरत असेल तर कोरोना जास्त झाला, फक्त शाईवर पसरत असेल तर शाई.

राहिला खर्च. चाळीस मीटर घेराच्या, सहा मीटर उंच घराला २४० चौरस मीटर भिंत येते. दीड मीटर रुंद, ५० मीटर लांब रोलमधून ओव्हरलॅप वजा जाता साडेसदुसष्ट चौरस मीटर हाती लागतात, म्हणजे चार रोल. चार रोलसाठी प्लेट बनवणं आणि मशिन लावणं कोणालाच परवडत नाही, सेटिंग जुळेपर्यंतच बराच माल वाया जातो. वर्षाला वीस-पंचवीस अशी घरं करणाऱ्याने एकदम छापून घ्यावं. मात्र तो साठा पत्र्याच्या गोडाऊनमध्ये उन्हाळाभर ठेवायचा नाही. उष्णतेत आणि रोलच्या दाबाखाली कच्ची शाई पुढच्या थराच्या पाठीवर उमटते, रोल उलगडताना चरचर आवाज येतो, आणि त्या आवाजासोबत फिल्मचे कणही निघून येत असतात. असा रोल आला तर पहिले दोन वेढे कापून टाकून भागत नाही. दाब गाभ्याकडे जास्त असतो, म्हणून शेवटचे वेढे आधी तपासा.